१८० ग्रेनचा रुपया : कंपनी सरकारने चांदीच्या नाण्याचे प्रमाण कसे ठरवले

इ.स. १८३५ पूर्वी हिंदुस्थानात कोणी कोणाचे शंभर रुपये देणे लागत असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेला असे : कोणते रुपये? पुण्यात अंकुशी रुपया चाले, नाशिकच्या बाजूला चांदवडी, बागलकोटकडे मल्हारशाही, भोसल्यांच्या मुलखात नागपुरी, मुंबईत आणि गुजरातेत सुरती, मद्रासकडे अर्काटी, गंगा-यमुनेच्या दुआबात फर्रुखाबादी आणि बंगालमध्ये सिक्का. नाव सगळ्यांचे रुपया, धातू सगळ्यांचा चांदी. पण प्रत्येकाचे वजन थोडे वेगळे आणि कसही थोडा वेगळा. त्यामुळे एका मुलखातला रुपया दुसरीकडे नेला की तो दर्शनी किमतीला घेतला जात नसे. सराफ त्याला बट्टा लावत असे, म्हणजे ठरावीक कपात करून तो स्वीकारत असे. सरकारी खजिन्यात हेच काम पोतदार करीत. आलेले प्रत्येक नाणे पाहायचे, वाजवायचे, शंका आली तर वजन करायचे आणि मग जमा धरायचे, हा त्यांचा पेशा होता आणि तो आडनावाच्या रूपाने आजही आपल्यात शिल्लक आहे. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो तेव्हाही याच व्यवहाराची आठवण जागी असते.

या गोंधळातून एकच रुपया कसा घडवला गेला, हे समजून घ्यायचे असेल तर आधी नाण्याचे प्रमाण म्हणजे काय ते नीट पाहायला हवे. चांदीच्या नाण्याबाबत सरकारला मुख्यतः दोन आकडे जाहीर करावे लागतात : नाण्याचे एकूण वजन किती आणि त्या वजनात शुद्ध चांदी किती. बाकीचा भाग तांब्याचा. एकूण वजनाशी शुद्ध चांदीचे जे प्रमाण पडते त्याला कस म्हणतात. नाणे खरे की खोटे हे त्यावरच्या छापावरून कळेल, पण ते चोख की हिणकस हे या दोन आकड्यांवरूनच ठरते. टांकसाळीत कितपत चूक खपवून घ्यायची, झिजलेले नाणे कुठपर्यंत चालू मानायचे आणि जुन्या नाण्यांतले कर्ज नव्या नाण्यांत किती धरायचे, हे आणखी तीन प्रश्न मागोमाग येतात. वरवर ते दुय्यम दिसतात, पण सामान्य माणसाला झळ बसते ती बहुतेक वेळा त्यांच्याच उत्तरांनी.

सिक्का रुपयाची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण प्रमाण नसण्याचा नव्हे, तर प्रमाण पाळूनही काय बिघडू शकते याचा तो नमुना आहे. मोगल अमलात नाण्यावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष छापले जाई. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला चाले. वर्ष उलटले की त्याच रुपयाला बट्टा लागे आणि आणखी काही वर्षांनी तो ‘सनत’ या खालच्या वर्गात जमा होई. एका वर्षात नाणे झिजून झिजून किती झिजणार? चांदी जवळजवळ तेवढीच असे, पण किंमत कमी धरली जाई आणि मधला फरक सराफाच्या पेढीत राही. यावर कंपनीने काढलेला तोडगा विलक्षण साधा होता. दुसऱ्या शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष, म्हणजे सुमारे १७७७ साल, हे बंगालच्या रुपयावर कायमचे गोठवले गेले. नाणे कोणत्याही वर्षी पाडलेले असो, त्यावर ‘१९ सन’च छापायचा. १७९३ च्या नियमाने हा १९ सनी सिक्का रुपया बंगालचे कायदेशीर नाणे ठरवला गेला. त्याचे वजन सुमारे १७९.६७ ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे १७५.९२ ग्रेन होती. नाणे जुने की नवे हे छापावरून ओळखताच येईनासे झाले, तेव्हा जुनेपणाचा बट्टा लावायला आधारच उरला नाही. गंमत अशी की शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी कंपनीच्या टांकसाळीतून त्याच्या नावाची नाणी पुढे जवळजवळ तीस वर्षे बाहेर पडत राहिली.

इथे ग्रेन या मापाविषयी थोडे सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यातच आहे. इंग्रजी ट्रॉय पद्धतीतला ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे एका गुंजेहूनही बराच हलका. १८० ग्रेन म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. शेरशाह सुरीने सोळाव्या शतकात चालू केलेला रुपया सुमारे १७८ ग्रेनचा होता आणि मोगलांनी तोच पायंडा पुढे चालवला. त्यामुळे वेगवेगळ्या सुभ्यांतले, संस्थानांतले आणि कंपनीचे रुपये कितीही पांगले, तरी ते मुळात एकाच घराण्यातले होते.

आता प्रमाण ठरवणाऱ्यांपुढचा पेच काय होता? लंडनमधल्या संचालक मंडळाने १८०६ मध्ये हिंदुस्थानातल्या आपल्या सरकारांना एक खलिता पाठवला आणि त्यात पुढच्या शतकाची दिशा ठरून गेली. सोने आणि चांदी या दोन्ही धातूंची नाणी एकमेकांशी पक्क्या दराने बांधून चालवता येत नाहीत, म्हणून हिशेबाचे नाणे एकाच धातूचे असावे आणि तो धातू चांदी असावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे पुस्तकी मत नव्हते. १७६६ मध्ये बंगालमध्ये कंपनीने सोन्याची मोहोर काढून तिचा दर १४ सिक्का रुपये ठरवला होता, पण त्या मोहरेत तेवढ्या किमतीचे सोने नव्हते. लोकांनी व्यवहारात मोहोर पुढे केली, चांदी घरात दाबून ठेवली आणि बाजारात रुपयाची टंचाई झाली. हा प्रयोग थोड्याच काळात गुंडाळावा लागला. त्यातून शिकून त्याच खलित्यात रुपयाचे प्रमाणही सुचवले गेले : वजन १८० ग्रेन, त्यातली १२ पैकी ११ भाग शुद्ध चांदी, म्हणजे १६५ ग्रेन, आणि उरलेले १५ ग्रेन मिश्र धातू.

हे आकडे कुठून आले असावेत, याचे उत्तर जुन्या रुपयांच्या पोटात डोकावले की मिळते. सुरती रुपयात शुद्ध चांदी होती सुमारे १६४.७४ ग्रेन. फर्रुखाबादी रुपयात होती सुमारे १६५.२१ ग्रेन. सुचवलेला आकडा १६५. म्हणजे नव्या प्रमाणाने आकाशातून आकडा आणला नाही. बाजारात चालत असलेल्या रुपयांच्या अगदी मधोमध बसेल असा एक पूर्णांक निवडला आणि त्याला कायद्याचे पाठबळ दिले. माझ्या मते या सगळ्या सुधारणेतले खरे शहाणपण हेच होते. चांदी दोन-चार ग्रेननी कमी-जास्त केली असती, तर प्रत्येक कर्जरोखा, प्रत्येक भाडेपट्टा आणि प्रत्येक गावचा सारा न बोलता बदलला असता. धनको किंवा ऋणको, दोघांपैकी एक नक्की लुबाडला गेला असता.

मग एकूण वजन आणि कस का बदलले? जुना सिक्का रुपया जवळजवळ ९८ टक्के शुद्ध होता. ऐकायला हे चांगले वाटते, पण शुद्ध चांदी मऊ असते. ती हातोहात फिरताना लवकर झिजते आणि यंत्राच्या ठशाखाली तिची धार नीट उठत नाही. थोडे तांबे मिसळले की ती कणखर होते. दुसरे कारण खर्चाचे होते. समुद्रमार्गे येणारी बरीचशी चांदी स्पॅनिश डॉलरच्या रूपात येत असे आणि तिचा कस दहात नऊच्या आसपास असे. ती ९८ टक्क्यांपर्यंत शुद्ध करायची तर भट्टी, इंधन, वेळ आणि घट हे सगळे वाढते. १२ पैकी ११ या कसापर्यंत न्यायला त्या मानाने फारच थोडे कष्ट पडतात. म्हणून शुद्ध चांदी तेवढीच ठेवून तांबे वाढवण्याचा मार्ग धरला गेला. बंगालच्या सिक्का रुपयाचे १८१८ मध्ये नेमके असेच झाले : शुद्ध चांदी १७५.९२ ग्रेनच राहिली, पण एकूण वजन सुमारे १९१.९२ ग्रेन झाले. नाणे हाताला जड लागू लागले, तरी त्याची किंमत तसूभरही वाढली नव्हती. नाण्याचे मोल वजनात नसून त्यातल्या शुद्ध चांदीत असते, हे समजायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

मद्रासने १८१८ मध्ये होनाचा, म्हणजे तिथल्या सोन्याच्या पॅगोडाचा, हिशेब सोडून १८० ग्रेनचा रुपया स्वीकारला. मुंबईने १८२४ मध्ये सुरती रुपया त्याच मापावर आणला. उरला होता बंगाल आणि त्याचा जास्त चांदीचा सिक्का रुपया. ती गाठ १८३५ च्या १७ व्या कायद्याने सोडवली. १ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया पाडला जाणार होता, १८० ग्रेन वजनाचा आणि १२ पैकी ११ भाग चांदीचा. त्याच प्रमाणात अर्धा रुपया, पाव रुपया आणि दोन रुपयांचे नाणेही ठरले. नाण्यावर मोगल बादशहाऐवजी इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा चेहरा आला आणि मागे कंपनीचे नाव व इंग्रजी-फारसीत किंमत आली. चेहरा बदलणे ही राजकीय घोषणा होती, हे कोणापासून लपले नाही. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक या रुपयाला कलदार म्हणू लागले आणि पुढे राणीच्या मुखवट्याच्या नाण्याला आपल्याकडे चेहरेशाई हे नाव पडले.

जुन्या कर्जांचे काय करायचे, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर जवळून पाहण्यासारखे आहे. नवा रुपया मुंबई, मद्रास आणि फर्रुखाबादच्या रुपयाबरोबरीचा धरावा आणि कलकत्त्याच्या सिक्का रुपयाच्या १६ पैकी १५ भागांइतका धरावा, असे त्यात म्हटले होते. म्हणजे १५ सिक्का रुपये बरोबर १६ कंपनी रुपये. आपण पडताळून पाहू. १५ सिक्का रुपयांतली शुद्ध चांदी होते १५ गुणिले १७५.९२, म्हणजे २६३८.८ ग्रेन. १६ कंपनी रुपयांतली होते १६ गुणिले १६५, म्हणजे २६४० ग्रेन. सोळा रुपयांच्या व्यवहारात फरक अवघ्या १.२ ग्रेनचा, म्हणजे अर्ध्या दहाव्या टक्क्याहूनही कमी. ज्याच्या रोख्यावर शंभर सिक्का रुपये लिहिले होते त्याने नव्या नाण्यात १०६ रुपये १० आणे ८ पै फेडले, की दोघांचा हिशेब न्यायाने चुकता होत असे. शिवाय १५ आणि १६ हे आकडे आणे-रुपयांच्या हिशेबात मुरलेल्या माणसाला तोंडी वापरता येण्याजोगे होते. रुपयाचे सोळा आणे; सिक्क्यातले सोळा आणे सोडून पंधरा आणे घेतले की झाला कंपनीचा रुपया.

या प्रमाणाला आणखी एक आधार मिळाला होता आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. १८३३ च्या बंगालच्या नियमाने तोळ्याचे वजनच १८० ग्रेन ठरवले गेले होते. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण, असे केले की मण बरोबर १०० ट्रॉय पौंडांचा होतो. या मांडणीमागे कलकत्त्याच्या टांकसाळीतला पारखी, म्हणजे अॅसे मास्टर, जेम्स प्रिन्सेप याचे मोठे परिश्रम होते. ब्राह्मी लिपी वाचून अशोकाचे शिलालेख बोलते करणारा तो हाच. या जुळणीमुळे झाले असे की नाणे हेच वजन झाले. तराजूच्या एका पारड्यात ८० नवे कोरे रुपये टाकले की दुसऱ्या पारड्यातला माल एक शेर भरला पाहिजे आणि उलट तपासायचे तर रुपया तोळ्यावर तोलून पाहता येई. सरकारने दिलेले वचन खेड्यातल्या वाण्यालाही आपल्या ताजव्यावर पारखता यावे, याहून जास्त भक्कम प्रमाण कोणते असणार?

वजन असे कोणालाही तपासता येते, पण कस तपासणे हे टांकसाळीतले कसबी काम आहे. सोन्यासाठी कसोटीचा दगड बऱ्यापैकी चालतो, चांदीला तो पुरत नाही. जुनी खात्रीची रीत भट्टीची. नाण्यातला छोटासा तुकडा काटेकोर तोलायचा, शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या लहानशा वाटीत ठेवून तापवायचा. शिसे वितळून हवेशी संयोग पावते आणि आपल्याबरोबर तांब्यालाही घेऊन त्या सच्छिद्र वाटीत जिरते. चांदी मात्र जिरत नाही. शेवटचा मळ निघून जातो त्या क्षणी मण्यावरची साय फाटल्यासारखी होते आणि तो लखकन चमकतो. थंड झालेला तो मणी पुन्हा तोलायचा. आधीच्या आणि नंतरच्या वजनाच्या गुणोत्तरातून कस निघतो. १२ ग्रेनचा तुकडा घेतला असेल तर ११ ग्रेनचा मणी उरायला हवा. एवढ्याशा वजनात चुकीला जागा नसते, म्हणून टांकसाळीचा काटा हा तिथला सर्वांत जपलेला जिन्नस असे.

तरीही लाखो नाण्यांपैकी प्रत्येक नाणे अचूक १८० ग्रेनचे उतरणे शक्य नसते. म्हणून कायदा चुकीला हद्द घालतो. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयासाठी वजनात हजारी ५ आणि कसात हजारी २ एवढी सूट होती. १८० ग्रेनवर हजारी ५ म्हणजे ०.९ ग्रेन. चलनात आल्यावर झिजेची मर्यादा वेगळी : प्रमाण वजनापेक्षा २ टक्क्यांहून जास्त कमी झालेले नाणे कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे रुपया १७६.४ ग्रेनच्या खाली गेला की तो घ्यायला कोणी बांधील नव्हते. ही रेषा आखली नाही, तर झिजलेले नाणे दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आणि भरवजनी नाणे वितळवायची चढाओढ लागते. नाण्याच्या कडेला दातऱ्या पाडण्यामागचे कारणही हेच. कडेची चांदी कोणी कातरून किंवा घासून घेतली, तर ते नजरेला लगेच दिसावे.

एवढ्याने रुपया एकसारखा झाला, पण त्याची किंमत टिकवली ती खुल्या टांकसाळीने. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत यावे आणि सुमारे २ टक्के घडणावळ देऊन रुपये घेऊन जावे, अशी ती व्यवस्था होती. प्रमाण कसाची १००० तोळे चांदी आणणाऱ्याला साधारण ९८० रुपये मिळत. बाजारात चांदी स्वस्त झाली की लोक ती टांकसाळीत आणत आणि महाग झाली की रुपये वितळवत. त्यामुळे रुपयाचे मोल आणि त्यातल्या चांदीचे मोल एकमेकांना सोडून लांब जात नसे.

पण ‘सगळ्या मुलखात एकच रुपया’ हे वाक्य जितके सरळ आहे तितकी त्याची अंमलबजावणी नव्हती. १८३८ च्या आरंभापासून सिक्का रुपया कायदेशीर चलन राहिला नाही. दख्खनमधल्या, गुजरातेतल्या स्थानिक नाण्यांना सरकारी भरण्यात हळूहळू जागा उरली नाही आणि त्या टांकसाळी एकामागून एक थंडावल्या. कोणाच्या सोयीसाठी हे सगळे झाले, हेही सांगितले पाहिजे. एका इलाख्यातून दुसऱ्या इलाख्यात फौजेचा पगार पाठवणे, सारा गोळा करणे आणि माल खरेदी करून इंग्लंडला नेणे या कंपनीच्या गरजा होत्या. रयतेला बट्ट्यापासून सुटका मिळाली हे खरे, पण तिचा सारा रोखीत आणि तोही याच नाण्यात भरायचा हे बंधनही त्याबरोबरच पक्के झाले.

या प्रमाणाने एक गोष्ट मात्र ठरवली नव्हती आणि ती ठरवता येण्यासारखीही नव्हती. रुपयात १६५ ग्रेन चांदी असेल, एवढेच कायदा सांगत होता. त्या चांदीला जगात काय मिळेल, हे तो सांगू शकत नव्हता. १८७० नंतर जर्मनी आणि पाठोपाठ इतर देश सोन्याच्या चलनाकडे वळले, नव्या खाणींतून चांदी ओसंडू लागली आणि तिचा भाव कोसळला. १८७३ च्या सुमारास रुपयाला सुमारे १ शिलिंग १० पेन्स मिळत. १८९२-९३ मध्ये ते १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आले. रुपयातली चांदी एका गुंजेनेही कमी झाली नव्हती. तरी हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये पाठवावी लागणारी व्याजाची, निवृत्तिवेतनाची आणि खरेदीची रक्कम स्टर्लिंगमध्ये होती आणि ती भागवायला दरवर्षी अधिकाधिक रुपये लागू लागले. ते रुपये करातूनच यायचे होते.

अखेर हर्शेल समितीच्या शिफारशीनंतर २६ जून १८९३ रोजी खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद करण्यात आल्या आणि रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स राखण्याचे धोरण आले. त्या दिवसापासून नाण्याचे वजन तेच राहिले, कस तोच राहिला, पण त्यांचा किमतीशी असलेला थेट धागा तुटला. आता रुपया त्यातल्या चांदीहून महाग होता, कारण तो सरकार मोजूनमापूनच काढत होते. ज्याच्याकडे चांदीचे दागिने किंवा लगडी होत्या, त्याला ती चांदी टांकसाळीत नेऊन रुपयांत बदलण्याची वाट उरली नाही. दुष्काळात चांदी मोडून धान्य घेणाऱ्या कुटुंबाला तिचा बाजारात मिळेल तो पडका भाव घ्यावा लागला, तर सारा मात्र सरकारने महाग ठेवलेल्या रुपयातच भरावा लागला. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव उलट इतका चढला की रुपया वितळवणेच फायद्याचे ठरू लागले आणि १९१७ मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. १२ पैकी ११ भागांचा कस १९४० पर्यंत टिकला. त्या वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तिची जागा निकेलने घेतली.